बंदराचे तोंड

आज नारळी पौर्णिमा. वरळी-वर्सोव्यापासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत होड्या रंगवून झाल्या आहेत, जाळी दुरुस्त करून झाली आहेत. संध्याकाळी सोनेरी कागदात मढवलेला नारळ वाजतगाजत धक्क्यावर जाईल, दर्याला अर्पण होईल आणि उद्याच्या वर्तमानपत्रांत, आमच्याही, त्याची रंगीत छायाचित्रे येतील. पश्चिम किनाऱ्यावरची सरकारी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची. कायद्याने ती ऑगस्टच्या पहिल्या तारखेला उठते. घरातली म्हातारी माणसे मात्र अजूनही सांगतात, नारळ पडल्याशिवाय होडी लोटायची नाही. मत्स्य खाते आणि म्हातारी यांच्यातल्या या मतभेदात समुद्र बहुतेक वेळा म्हातारीच्या बाजूने उभा राहतो.

छायाचित्रांत होड्या नेहमी बाहेर जाताना दिसतात. तेच साहजिक आहे. पताका लावून, गुलाल उधळून कोणी परत येत नाही. पण दर्याला नारळ देऊन काय मागायचे असते, हे कोळणींना विचारा. मासळी हे त्यातले दुसरे मागणे. पहिले मागणे, गेलेला माणूस परत यावा हे. श्रावणात समुद्र निवळला हे पंचांग सांगते, वारा पंचांग पाहून वागत नाही. हंगाम सुरू होऊन आठवडा-पंधरवडा होतो न होतो तोच कमी दाबाचा पट्टा येतो, बंदरावर तीन नंबरचा बावटा चढतो आणि स्थानिक पानावर दोन ओळींची बातमी छापून येते: अमुक इतक्या नौका देवगड बंदरात आश्रयाला. गुजरातच्या, कर्नाटकच्या, मुंबईच्या, रत्नागिरीच्या. दरवर्षी येणारी ही बातमी वाचून कोणी थांबत नाही. आज त्या दोन ओळींतल्या शेवटच्या शब्दाविषयी लिहायचे आहे.

वादळात सापडलेल्या बोटीला आश्रय म्हणजे नेमके काय हवे असते? आधी वाऱ्याला आड. कोकणात मोसमी वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्या अंगाला डोंगराची सोंड आडवी आलेली असावी लागते. मुंबईचे बंदर मोठे झाले ते याच कारणाने: कुलाब्यापासून मलबार हिलपर्यंतचे खडक आणि टेकड्या पश्चिमेचा मार अंगावर घेतात आणि शहराच्या पूर्वेला, मुख्य भूमीच्या बाजूला, पाणी निवांत राहते. वाऱ्याच्या आडोशाला पुरेशी खोली हवी. खाली चिखल हवा, कारण नुसत्या खडकावरून नांगर घसरतो. एवढे सगळे जमून आले तरी एक गोष्ट उरतेच, आणि तीच सर्वात अवघड. आत शिरता आले पाहिजे.

कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचा आडवा बांध असतो. नदी वाळू आणून टाकते, समुद्र ती परत लोटतो, आणि दोघांच्या ओढाताणीत तोंडाशी उथळ पट्टा तयार होतो. खोल समुद्रातली लाट या उथळ पाण्यावर आली की उंच होते आणि फुटते. त्यामुळे वादळात बोट सर्वात जास्त धोक्यात असते ती भर समुद्रात नव्हे, बंदराच्या दारात. भरतीची वेळ साधायची, दोन लाटांमधली फट धरायची आणि इंजिन बंद पडू नये म्हणून देवाचे नाव घ्यायचे. तांडेलाची खरी परीक्षा तिथे असते. १८८० च्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये विजयदुर्गाची तारीफ याच मुद्द्यावर केली आहे. वाघोटण खाडीच्या मुखाशी असा बांध नाही, म्हणून कोणत्याही हवामानात तिथे शिरता येते आणि मोठ्या जहाजांनाही पावसाळ्यात तिथे निर्धास्त राहता येते, अशी ती नोंद आहे. आंग्रेकालीन आरमाराने तिथे तळ उगाच ठोकला नव्हता.

उलट उदाहरण हर्णेचे. दापोली तालुक्यातले हे बंदर मासळीच्या लिलावासाठी प्रसिद्ध. लिलाव वाळूवर होतो, होड्यांतली मासळी बैलगाडीने किनाऱ्यावर येते, पर्यटक फोटो काढतात. पण वाऱ्याला आड म्हणावी तशी नाही. बावटा लागला की हर्णेच्या बोटी शेजारच्या आंजर्ले खाडीत पळतात, नाहीतर दाभोळला, जयगडला. आंजर्ल्याच्या मुखात गाळ. तो काढा, ही तिथल्या मच्छीमारांची मागणी इतकी जुनी झाली आहे की निवेदनाचा मसुदा नव्याने लिहायची गरज पडत नसावी. वादळातून सहीसलामत आलेली बोट खाडीच्या दारात उलटावी, हे तिथे घडलेले आहे. बंदरविकास म्हटले की आपल्याकडे धक्का बांधला जातो, त्यावर शेड येते, शेडवर नाव येते. उपसलेल्या गाळावर कोनशिला बसवता येत नाही, ही त्या गाळाची खरी अडचण.

बंदर जवळ असून उपयोग नसण्याचा दुसराही एक प्रकार आहे आणि तो गाळामुळे होत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाचे इशारे काही दिवस आधीच दिले गेले होते. मुंबई हायच्या तेलक्षेत्रातली बहुतेक जहाजे किनाऱ्याकडे परतली. पी-३०५ हा कामगारांच्या निवासाचा बार्ज परतला नाही. त्याला स्वतःचे इंजिन नव्हते. ओढून आणावे लागले असते. १७ मे रोजी त्याचे नांगर सुटले, तो एका निर्मनुष्य प्लॅटफॉर्मवर आदळला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. बार्ज आणि ‘वरप्रदा’ हा टग मिळून ८६ जण गेले. नौदल आणि तटरक्षक दलाने खवळलेल्या पाण्यातून १८८ जणांना काढले, हा पराक्रम खराच. पण त्या पराक्रमाची गरज पडायला नको होती. बंदर तिथेच होते, ते बंद नव्हते, कोणी अडवले नव्हते. आत यायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्यांचे प्राण पणाला लागले होते त्यांच्याकडे नव्हता, एवढेच.

आता देवगड. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी वादळ कन्याकुमारीच्या दक्षिणेला उठले. इतक्या झपाट्याने, की खोल समुद्रात गेलेल्या बोटींपर्यंत इशारा पोचलाच नाही. केरळ आणि कन्याकुमारीकडचे हे मच्छीमार पंधरा-पंधरा दिवस, कधी महिनाभर बाहेर असतात. किनाऱ्यावरचा बावटा त्यांना दिसत नाही आणि मोबाइल तिथे चालत नाही. वादळ अरबी समुद्रात वर सरकत गेले तशा बोटीही वाऱ्यापुढे उत्तरेकडे आल्या. २ डिसेंबरला महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केले की ६८ बोटी आणि ९५२ मच्छीमार सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागले आहेत. ६६ बोटी केरळच्या, दोन तमिळनाडूच्या. तिकडे तिरुवनंतपुरम आणि कन्याकुमारीच्या किनारी गावांत घरोघर आकांत चालला होता. या आकड्याने त्यांतल्या कित्येक घरांत चूल पेटली असेल.

ही गोष्ट सांगताना कोकणी माणसाच्या आतिथ्यशील स्वभावाचे गोडवे गाण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा, कारण खरी गोष्ट त्याहून कडक आहे. सिंधुदुर्गचा पारंपरिक मच्छीमार आणि परराज्यातले ट्रॉलर यांचे नाते गोड नाही. मलपीकडचे वेगवान ट्रॉलर, पर्ससीन, एलईडीचे दिवे लावून रात्रीत समुद्र खरवडणाऱ्या बोटी, यांच्याशी मालवण-देवगडच्या माणसांचा झगडा वर्षानुवर्षे चालू आहे. राज्याच्या हद्दीत, म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांत, घुसलेल्या परक्या बोटी पकडून दिल्या जातात, खटले होतात, दंड होतो. भर समुद्रात हाणामाऱ्याही झाल्या आहेत. ‘१९८१ चा मासेमारी नियमन कायदा पाळा’ म्हणून मोर्चे निघतात. अशा किनाऱ्यावर डिसेंबरच्या त्या दिवसांत परराज्यातल्या ६८ बोटी आल्या आणि त्यांना कोणी हद्द विचारली नाही. ९५२ हा आकडाच मुळी माणसे आत आल्यानंतर मोजलेला आहे. कागद, नोंदणी क्रमांक, गावाचे नाव, सगळे नंतर. वादळ गेले, बोटी गेल्या आणि भांडण जिथे होते तिथून पुन्हा सुरू झाले. ते मिटावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

आधी आत, मग विचारपूस. समुद्रावरच्या आश्रयाचा सारा कायदा या क्रमात आहे. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कायद्यात त्याला सभ्य शब्द दिले आहेत: परक्या देशाच्या पाण्यातून जाताना एरवी थांबायला मनाई, पण जहाज संकटात असेल तर थांबता येते, नांगर टाकता येतो, आणि बुडणारा माणूस दिसला तर त्याला वाचवणे हे प्रत्येक कप्तानाचे कर्तव्य. करार होण्याच्या शेकडो वर्षे आधीपासून दर्यावर्दी हेच पाळत आले. मे २०१५ मध्ये अंदमान समुद्रात रोहिंग्या आणि बांगलादेशी लोकांनी भरलेल्या बोटी एकेक देश आपल्या पाण्यातून बाहेर लोटत होता, तेव्हा इंडोनेशियातल्या आचे प्रांतातल्या मच्छीमारांनी, लष्कराचा ‘आणू नका’ असा इशारा असताना, शेकडो माणसे आपल्या होड्यांतून किनाऱ्याला आणली. त्यांनी तो करार वाचला असण्याची शक्यता कमी.

हे सगळे ऐकायला उदात्त वाटते. दार उघडे ठेवण्याची किंमतही मग त्याच पानावर लिहायला हवी, आणि ती मोजण्याचा अनुभव या किनाऱ्याइतका फार थोड्यांना असेल. १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभे होते. पोटात सुमारे १४०० टन स्फोटके आणि त्याच्या जोडीला कापसाच्या गासड्या. आश्रयाला आलेले ते जहाज नव्हते, युद्धाचा माल होता. पण बंदरात काय आत घेतले आहे हे बंदराला नीट ठाऊक नसले की काय होते, ते त्या दुपारी दिसले. धोक्याचा लाल बावटादेखील त्यावर लावलेला नव्हता. जहाज पेटून स्फोट झाले, शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली, आग विझवायला गेलेले ६६ जवान परतले नाहीत. अग्निशमन सप्ताह आपण १४ एप्रिलपासून पाळतो तो त्यांच्यासाठी. पुढे १९९३ च्या स्फोटांचे आरडीएक्स रायगडमधल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरले. २००८ च्या नोव्हेंबरात ‘कुबेर’ या गुजरातच्या मासेमारी बोटीचा ताबा घेऊन दहा जण मुंबईकडे आले आणि कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले. त्यानंतर मच्छीमारांना ओळखपत्रे आली, बोटींना राज्यवार रंग आले, किनाऱ्यावर पोलीस चौक्या आल्या. अनोळखी होडीकडे संशयाने पाहणे ही इथे खोड नाही. ती अनुभवाने शिकवली आहे. २६ नोव्हेंबरच्या त्या रात्रीनंतर नऊच वर्षांनी ६८ अनोळखी बोटी देवगडकडे आल्या होत्या, हे ध्यानात घेतले तर ओखीच्या त्या प्रसंगाचे वजन कळते.

मोठ्या जहाजांच्या जगात मात्र हा क्रम उलटत चालला आहे. १३ नोव्हेंबर २००२ रोजी ‘प्रेस्टिज’ हे टँकर जहाज स्पेनच्या गॅलिसिया किनाऱ्याजवळ वादळात फुटले. सव्वीस वर्षांचे जुने जहाज, ७७ हजार टन जड इंधन तेल. कप्तानाने आश्रय मागितला. स्पेनने ते किनाऱ्यापासून दूर न्यायला लावले; फ्रान्स आणि पोर्तुगालनेही जवळ येऊ दिले नाही. सहा दिवस खवळलेल्या अटलांटिकमध्ये फिरवल्यावर १९ नोव्हेंबरला त्याचे दोन तुकडे झाले. एखाद्या आडोशाच्या उपसागरात आणले असते तर एक उपसागर काळा झाला असता. तो वाचवण्याच्या नादात स्पेनपासून फ्रान्सपर्यंतचा किनारा काळा झाला आणि गॅलिसियाच्या मच्छीमारांना समुद्र बंद झाला. कप्तान तुरुंगात गेला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २००३ मध्ये, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने संकटातल्या जहाजांच्या आश्रयस्थानांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. मार्गदर्शकच, आश्रय देण्याची सक्ती त्यांत नाही. किनारी देशाने फायदातोटा तोलून ठरवावे, असे त्यांचे सार आहे. म्हणजे प्रेस्टिजच्या वेळी जे केले तेच, फक्त कागदावर नोंद ठेवून.

नाकारलेल्या आश्रयाचा दुसरा प्रकार आपल्या दाराशी घडला. मे २०२१, तौक्तेचाच महिना. ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे कोरे करकरीत कंटेनर जहाज; त्यातल्या एका कंटेनरमधून नायट्रिक आम्ल गळत होते. तो कंटेनर उतरवून घ्या, असे कतारच्या हमद बंदराला सांगून पाहिले, मग गुजरातमधल्या हजिऱ्याला. दोन्हीकडून नकार आला. अशा गळतीला हाताळण्याची सोय किंवा तज्ज्ञ तिथे नाहीत, असे कारण होते. ते खोटे मानायला आधार नाही. एका बंदराच्या दृष्टीने पाहिले तर नकारात चूक शोधणे कठीण. जहाज कोलंबोला गेले, २० मे रोजी तिथे पेटले, २ जूनला बुडाले. सुमारे १६८० टन प्लास्टिकचे मणी समुद्रात सांडले आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावर वाळूत मिसळले. मेलेली कासवे लाटांबरोबर येत राहिली, तिथल्या मच्छीमारांची रोजी बुडाली. ती आग विझवायला भारतीय तटरक्षक दलाची जहाजे धावून गेली होती. एक कंटेनर घेण्याची सोय हजिऱ्यात असती तर त्याहून पुष्कळ स्वस्तात भागले असते. प्रत्येकाने आपापल्यापुरता शहाणा निर्णय घेतला आणि सगळ्यांचा मिळून तो कंटेनर सर्वात गरीब दारात जाऊन फुटला.

या जहाजांविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्रेस्टिजवर झेंडा बहामाचा होता, मालकी लायबेरियातल्या कंपनीची, कारभार ग्रीसमधून. हे काही विशेष नाही, जगातली निम्मी व्यापारी जहाजे अशीच कुठल्या तरी सोयीच्या झेंड्याखाली चालतात. कर कमी, तपासणी सैल, कामगार कायदे नावापुरते. अर्थशास्त्राच्या पानांवर ज्यांना ‘टॅक्स हेवन’ म्हणतात त्यांच्यातलेच हे देश. हेवन म्हणजे मूळचे बंदरच, वादळात शिरायचे. आता ते शब्दकोशातून उचलून बँकेत ठेवले आहे. पैशाला आसरा देणाऱ्या या बंदरांना जहाज बुडू लागल्यावर मात्र काही देता येत नाही. ती हजारो मैल दूर असतात आणि तिथे जहाज कधी गेलेलेही नसते. १९९१ च्या एप्रिलमध्ये इटलीतल्या जेनोवाजवळ स्फोट होऊन बुडालेल्या आणि भूमध्य समुद्रात हजारो टन तेल सोडणाऱ्या एका टँकरचे नावच ‘हेवन’ होते. नोंदणी सायप्रसची. नाव ठेवणाऱ्याला दोष देऊ नये, जहाजाची नावे शुभ पाहूनच ठेवतात. कायद्याच्या भाषेतही ‘सेफ हार्बर’ स्थिरावले आहे: माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ७९ वे कलम समाजमाध्यमांच्या कंपन्यांना इतरांनी लिहिलेल्या मजकुराच्या जबाबदारीपासून आडोसा देते. तिथे आडोशाला उभी असलेली जहाजे देवगडला येणाऱ्या बोटींपेक्षा बरीच धडधाकट दिसतात.

मराठीने स्वतःच्या अलंकारांसाठी बंदर फारसे वापरले नाही, ही थोडी नवलाची गोष्ट आहे. सातशे वीस किलोमीटरचा किनारा असून आपल्या भाषेतला समुद्र बहुतेक भवसागर असतो, आणि भवसागर तरून जायचा असतो, पैलतीराला लागायचे असते. मध्येच कुठे शिरून वादळ टळेपर्यंत थांबण्याची सोय त्यात नाही. संतांची भाषा देशावर घडली. त्यांच्या डोळ्यांपुढे पूर आलेली चंद्रभागा होती, हे कारण असावे. आसऱ्यासाठी आपण झाडाखाली जातो, वळचणीला जातो, आईच्या पदराखाली जातो. ही सगळी ठिकाणे आपल्या माणसांची. अनोळखी माणूस, त्याची भाषा येत नाही, त्याच्याशी कालपर्यंत भांडण होते, त्याला पदराखाली कसे घ्यायचे? त्याच्यासाठी बंदरच लागते.

अशी माणसे मात्र या किनाऱ्याने घेतली आहेत. अलिबागजवळच्या नवगावला फार पूर्वी एक जहाज फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्रायली समाजाची परंपरागत कथा आहे. इतिहासाचा पुरावा तिच्यामागे नाही, पण नवगावात त्या बुडालेल्यांच्या स्मृतीची जागा आहे. हे लोक तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनिवार तेली झाले, पेणकर, किहीमकर, राजपूरकर अशी गावावरून आडनावे लावू लागले, मराठी बोलू लागले. त्यांना कोणी धर्म बदलायला लावला नाही. त्यांच्याविषयी फारशी उत्सुकताही दाखवली नाही, आणि उत्सुकता न दाखवणे हाही आश्रयाचा चांगला प्रकार आहे. १९४८ नंतर बहुसंख्य इस्रायलला गेले. तिथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी चालवले.

दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांची गोष्ट अलीकडे पुष्कळ सांगितली जाते, समाजमाध्यमांवर तर दर काही महिन्यांनी. मुलांनी भरलेले एक जहाज बंदरोबंदर फिरत होते, सगळ्यांनी हाकलले, मुंबईनेही, शेवटी नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहांनी त्यांना आपल्या बंदरात घेतले, असे तिचे रूप. कथा म्हणून ती उत्तम आहे. प्रत्यक्षात पहिली मुले आली ती अश्गाबातहून इराणमार्गे ट्रकने, क्वेट्टापर्यंत. तिथून रेल्वेने मुंबईला. काही काळ ती वांद्र्याला राहिली आणि १९४२ च्या पावसाळ्यात जामनगरजवळच्या बालाचडीला गेली. जामसाहेबांचे औदार्य खरेच आहे, सुमारे हजार मुले त्यांच्याकडे राहिली. पण लोकांना गोष्टीत जहाज लागते, बंद दारे लागतात, एक राजा लागतो. कोल्हापूरच्या वळिवड्याला याहून पाचपट माणसे, सुमारे पाच हजार पोलिश, मुख्यतः बायका आणि मुले, १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षे राहिली. तिथे शाळा होत्या, चर्च होते, नाटके होत, पंचगंगेवर पोहायला मुले जात. त्या गोष्टीला जहाज नाही, म्हणून ती मागे पडते. वळिवड्याच्या आसपासच्या शेतकऱ्यांना आणि कोल्हापुरातल्या भाजीवाल्यांना आपण काही थोर करतो आहोत असे वाटले असेल, असे दिसत नाही. नवी माणसे आली होती, त्यांना दूध आणि भाजी लागत होती.

दार दिसत असून न उघडण्याचा अनुभव अलीकडे आपल्याच माणसांना आला. ‘जग आनंद’ हे कोळशाने भरलेले भारतीय जहाज जून २०२० पासून चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर नांगरून होते. माल उतरवायला परवानगी नाही, खलाशी बदलायला परवानगी नाही. कारण करोनाचे सांगितले गेले. कोळसा ऑस्ट्रेलियाचा होता आणि चीन-ऑस्ट्रेलियाचे बिनसलेले होते, हेही सगळ्यांना माहीत होते. २३ भारतीय खलाशी सहा महिन्यांहून अधिक काळ बंदरासमोर पाण्यावर राहिले आणि जानेवारी २०२१ मध्ये जपानमार्गे सुटले. त्या वर्षी जगभरात लाखो खलाशी असेच अडकले होते. एरवी त्यांच्या जिवावर चालणाऱ्या बंदरांनीच त्यांना उतरू दिले नाही.

आज सुटणाऱ्या बोटींकडे वळू. ओखीनंतर केरळ आणि तमिळनाडूत सर्वात कडवट वाद कशाचा झाला असेल तर बेपत्ता किती याचा. सरकारचा आकडा एक, चर्च आणि मच्छीमार संघटनांचा दुसरा. गेलेल्या बोटीवर नेमके कोण कोण होते याची नोंद किनाऱ्यावर पुरती नव्हती, म्हणून. आपल्याकडे परिस्थिती फार निराळी आहे असे समजू नये. रत्नागिरी, हर्णे, देवगडच्या यांत्रिक बोटींवर आज मोठ्या संख्येने नेपाळी खलाशी आहेत. ज्यांच्या देशाला समुद्रच नाही अशी ही मुले हंगामाला बसने येतात, कुठल्या तरी तांडेलाच्या शब्दावर बोटीवर चढतात, मधेच बोट बदलतात, हंगाम संपला की जातात. पुष्कळांना मालकही टोपणनावानेच ओळखतो. मत्स्य खात्याने, बंदर विभागाने आणि सहकारी सोसायट्यांनी मिळून प्रत्येक फेरीला बोटीवरच्या माणसांची यादी धक्क्यावर ठेवायला हवी, तिच्यात गावाचा पत्ता आणि घरच्या माणसाचा फोन हवा, आणि बोट दुसऱ्या बंदरात आश्रयाला गेली तर ती यादी तिथल्या कार्यालयाला तासाभरात मिळायला हवी. अशा कामासाठी नवा कायदा लागत नाही, वादळाची वाट पाहायची तर मुळीच गरज नाही. आंजर्ल्याच्या गाळाचे कामही दिवाळीनंतर, समुद्र शांत असताना, हाती घेता येते. मेपर्यंत पुरेसे महिने मिळतात.